खोट्या ग्रहांची यादी

सुनीती मगदूमची नोकरी खोटे ग्रह बनवायची होती. असं कुणाला सांगितलं की माणूस आधी हसायचा आणि मग म्हणायचा, "म्हणजे फसवाफसवीच की!" मग बिचारीला सगळं पहिल्यापासून समजावत बसावं लागे. आपणही ते आत्ताच उरकून घेऊ, म्हणजे पुढे अडायला नको.

साल कुठलं ते सोडा. आज शाळेत जाणारी तुमची नातवंडं तेव्हा नोकरीला लागलेली असतील एवढं धरून चाला. सांगलीच्या पूर्वेला, जतच्या कोरड्या माळावर एक केंद्र उभं राहिलं होतं. अवकाशातली एक दुर्बीण लाखो ताऱ्यांचा उजेड मोजून तिथे पाठवी, आणि केंद्राचं काम एकच होतं : अतितप्त महाग्रह हुडकायचे. आपल्या गुरूएवढे किंवा त्याहून थोराड असे हे ग्रह आपल्या ताऱ्याला इतके चिकटून फिरतात की त्यांचं अख्खं वर्ष आपल्या एका दिवसात संपतं. एकच बाजू कायम ताऱ्याकडे. त्या बाजूला तीन-चार हजार अंशांची भट्टी पेटलेली, लोखंडाचीसुद्धा वाफ व्हावी अशी. वारे ती वाफ अंधाऱ्या बाजूला घेऊन जातात, तिथे ती निवते आणि लोखंडाचा पाऊस पडतो. असला ग्रह इथून दिसत नाही. तो ताऱ्याच्या पुढून गेला की ताऱ्याचा उजेड शंभरातला एखादा भाग उतरतो. मागे गेला की ग्रहाचा स्वतःचा उजेड तेवढा वजा होतो. या चढउतारांच्या रेषेवरूनच सगळं ओळखायचं.

यंत्र हे काम करत होतंच. पण असले ग्रह पुष्कळदा मोठ्या, पांढऱ्या, गरागरा फिरणाऱ्या ताऱ्यांभोवती सापडतात आणि ते तारे मुळातच चंचल. त्यांचा उजेड आपल्या आपणच थरथरत असतो. यंत्र त्यांना सरळ बाजूला टाकी. त्या टाकलेल्या ढिगातून ग्रह वेचायला अजून माणसाचाच डोळा लागत होता. म्हणून केंद्राने निवडणारे नेमले. निवृत्त मास्तर, टपाल खात्यातले कारकून, शिवणकाम करणाऱ्या बायका, म्हणजे एका रेषेकडे तासन्‌तास बघायचा ज्यांना कंटाळा येत नाही अशी माणसं.

आता तांदूळ निवडणारीचा डोळा किती तयार आहे हे कसं कळणार? आपणच त्यात दहा खडे मोजून टाकायचे. तिला सात सापडले तर समजायचं, दहातले तीन तिच्या हातून निसटतात. तेवढं कळलं की खरे खडे एकूण किती असतील त्याचाही अंदाज बांधता येतो. सुनीती हे खडे टाकायची. सहा वर्षांपूर्वी, मोजणी सुरू होण्याआधी, तिने दोनशे बारा ग्रह बनवले आणि त्यांच्या सावल्या खऱ्या ताऱ्यांच्या उजेडात बेमालूम मिसळून दिल्या. कुठला ग्रह कुठल्या ताऱ्यात घातला त्याची यादी फक्त कागदावर होती. यंत्रात ठेवली तर कुणीतरी डोकावणारच. कागद लोखंडी कपाटात, कपाटाला दोन कुलुपं, वर लाखेचं सील. मोजणी संपून सगळ्या निवडणाऱ्यांचे सगळे दावे लिहून, सह्या होऊन तयार झाले की मगच ते कपाट उघडायचं, तोपर्यंत सुनीतीनेसुद्धा त्याला हात लावायचा नाही आणि कुणापाशी चकार शब्द काढायचा नाही. तशी तिने शपथच घेतली होती.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ झाला तो पुढच्याच वर्षी, जेव्हा तिचे वडील निवडणाऱ्यांच्या परीक्षेत पहिले आले.

भूपाल मगदूम म्हणजे जतच्या हायस्कुलातले विज्ञानाचे मगदूम सर. शंका काढण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कुणी नव्हता. पाठ्यपुस्तकातल्या चुका शोधून मंडळाला पत्रं पाठवायचे. दुकानातला तराजूसुद्धा ते आधी रिकामा तोलून बघत. केंद्राच्या संचालक डॉ. इरावती टिपणीस यांनी बापलेकीला समोर बसवून लिहून घेतलं की घरी कामाविषयी अवाक्षर बोलणार नाही. असल्या अटी घालणाऱ्यांना घरं कशी चालतात ते ठाऊक नसतं, दुसरं काय! आई गेल्यापासून त्या घरात दोघंच होती. जेवायला समोरासमोर बसून बोलायचं तरी कशावर, कांद्याच्या भावावर? आणि कांदा तर सर, म्हणजे तिचे आप्पा, खात नसत.

तरी पाच वर्षं दोघांनी पथ्य पाळलं. मोडलं ते आप्पांनी.

जैनाघरची पद्धत, सूर्य मावळायच्या आत जेवणं. त्या संध्याकाळी आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसले. चेहरा असा फुलला होता की सुनीतीला वाटलं, जुना कुणी विद्यार्थी भेटला असणार.

"सुनी, आज मला एक गावलाय."

"आप्पा, घरी नाही बोलायचं."

"नाही बोलत. ताऱ्याचा नंबर सांगत नाही, मग झालं की नाही? पण असला ग्रह मी जन्मात बघितला नव्हता गं. बावीस तासांच्या आत वर्ष! पांढरा तारा, भोवऱ्यासारखा फिरतोय. आणि हा पठ्ठ्या त्याच्या कमरेवरून नाही जात, तिरका चढतो आणि डोक्यावरून जातो. सावलीचा खड्डा एका अंगाला खोल, दुसऱ्या अंगाला उथळ. मी तीन दिवस शंका काढत होतो, एक टिकेना. सगळ्यात तापलेला असणार बघ हा, आजवर सापडलेल्या सगळ्यांत!"

तिरकी कक्षा, पांढरा भोवरा-तारा, बावीस तासांच्या आत वर्ष, हा तर सुनीतीचा सत्त्याहत्तर नंबर. दोनशे बारांपैकी बहुतेक ती केव्हाच विसरली होती, पण हा लक्षात होता, कारण तो जमवताना तिला आठवडा लागला होता आणि जमल्यावर ती स्वतःवरच खूश झाली होती. आप्पा हातवारे करून सांगत होते आणि ती मान हलवत होती. शपथ होती ना. ताटातली आमटी निवून गेली.

तिथवरही चाललं असतं. असे कितीतरी खोटे ग्रह कितीतरी निवडणाऱ्यांना सापडले असणार, त्यात लाज नव्हती, उलट ती डोळ्याची पावतीच. मोजणी संपली की कपाट उघडलं असतं, आप्पा हसले असते आणि म्हणाले असते, "फसवलंस की गं मला!"

पण महिन्याभरात आप्पांच्या पोटात दुखायला लागलं. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सुनीतीला एकटीला आत बोलावलं. मोठ्या आतड्यात गाठ आहे, अजून पसरलेली नाही, तीन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया करायची, मग सहा महिने औषधं. "आता केलं तर माणूस हाती लागेल," डॉक्टर म्हणाले. "दोन-चार महिने गेले तर मी शब्द देणार नाही."

आप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तीन महिन्यांनी करू."

"तीन महिन्यांनी कशाला?"

"नियम आहे. दावा करणाऱ्याने ग्रहाच्या सलग शंभर फेऱ्या स्वतः बघायच्या. मधेच उठला तर तारा परत ढिगात. माझ्या जेमतेम वीस झाल्यात."

"अहो आप्पा, जिवापेक्षा ग्रह मोठा आहे काय?"

"मोठाच असतोय," आप्पा हसून म्हणाले. "गुरूच्या दीडपट आहे."

त्या दिवसापासून घरात रोज तेच. सुनीती रडली, ओरडली, दोन दिवस जेवली नाही. आप्पा ऐकेनात. ते सकाळी सातला डबा घेऊन केंद्रावर जायचे आणि दुपारी पोटाला हात धरून परत यायचे. एकदा तर तिने पाय धरले. तेव्हा ते खाली बसले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, एकोणचाळीस वर्षं मी दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवलं. हे एक माझं आहे. तेवढं होऊ दे मला."

तीन आठवड्यांतले तेरा दिवस संपले होते. कपाट उघडून खात्री करावी तर सील फुटणार आणि तीनशे माणसांची सहा वर्षांची मोजणी पाण्यात जाणार. आणि खात्री कसली करायची? आपण जन्माला घातलेलं आपल्याला ओळखू येणार नाही?

चौदाव्या दिवशी सकाळी आप्पा चप्पल पायात सरकवत होते. सुनीती दारात आडवी उभी राहिली.

"आप्पा, तो ग्रह खोटा आहे."

आप्पा वाकलेले तसेच राहिले.

"मी घातलाय तो. सत्त्याहत्तर नंबर. तिरकी कक्षा, एकवीस-बावीस तासांचं वर्ष, सगळं मीच केलंय. तो नाहीच आहे, आप्पा. तिथे काही नाही."

मग त्यांनी चप्पल काढून ठेवली, आत जाऊन पलंगावर बसले आणि म्हणाले, "तू हे सांगायला नको होतंस. शपथ मोडलीस."

"मोडली. तुम्ही मिरजेला चला."

"चल," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

मिरजेला जायच्या आधी त्यांनी एक काम केलं. टिपणीस मॅडमना भेटून सांगितलं की डोळ्यांवर आता भरवसा उरला नाही, मला मोकळं करा. लेकीने तोंड उघडलं हे कळू न देता, आणि आपल्याला कळलेलं कुणाच्या मोजणीत शिरू न देता, बाजूला होण्याचा तेवढाच मार्ग होता. आयुष्यात पहिल्यांदा मगदूम सर खोटं बोलले असतील. जुनं काम शाबूत राहिलं, अर्धा राहिलेला दावा रद्द झाला आणि तो तारा परत ढिगात गेला.

शस्त्रक्रिया चांगली झाली. पण औषधं त्यांना मानवली नाहीत आणि पुढे गाठ यकृतात गेलीच. तरी अकरा महिने मिळाले. डॉक्टर म्हणाले, थांबले असते तर चारसुद्धा मिळाले नसते. सुनीती ते अकरा महिने मुठीत धरून होती. पण खरं सांगायचं तर त्या अकरा महिन्यांत आप्पा घरात होते एवढंच. ते कुंड्यांना पाणी घालत, टीव्हीसमोर बसत. टीव्हीवर कुणी धडधडीत चुकीचं बोललं तरी "छट्, काहीतरीच!" म्हणत नसत. शंका काढायची म्हणून त्यांनी सोडूनच दिली होती. जुने विद्यार्थी भेटायला येत आणि बाहेर पडताना सुनीतीला हळूच विचारत, "सर असे कसे झाले?"

एकदाच त्यांनी विषय काढला. दिवाळीनंतरची कोवळी उन्हं होती, ती त्यांच्या पायांना तेल लावत होती.

"सुनी, एक विचारू? त्या ग्रहाचा सगळ्यात तापलेला ठिपका जागा बदलायचा. चार-पाच फेऱ्या पुढे, मग जरा मागे. म्हणजे वारे बदलत होते, हवामान होतं त्याला. ते कसं सुचलं गं तुला?"

सुनीतीचा हात थांबला. हवामान? असलं काही घातल्याचं तिला आठवेना. पण सहा-सात वर्षं झाली होती, आणि ग्रह बनवणारी आज्ञावली थोडी सरमिसळ आपल्या मनाने करतच असे. असेल, तिने मनाशी म्हटलं. नसेल कसं?

"सुचलं असंच," ती म्हणाली.

"फार सुंदर जमलंय. मी परीक्षक असतो तर पैकीच्या पैकी दिले असते," आप्पा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. फेब्रुवारीत ते गेले.

त्यानंतर दीड वर्षाने मोजणी संपली. कपाट उघडायचा दिवस म्हणजे केंद्रावर लग्नघरच. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या, जिलेबी मागवली होती. टिपणीस मॅडम एकेका दाव्याचा तारा पुकारत आणि सुनीती यादीत बघून सांगे. "खोटा" म्हटलं की हशा, शोधणाऱ्याच्या पाठीत धपाटे. "खरा" म्हटलं की टाळ्या.

"तारा चव्वेचाळीस एकाहत्तर," मॅडमनी पुकारलं. "दावा नीलोफर शिकलगार. वर्ष एकवीस तास बावन्न मिनिटं. तिरकी कक्षा. सगळ्यात तापलेला ठिपका मागेपुढे सरकतो. टिकला तर आजवरचा सगळ्यात तप्त ग्रह."

नीलोफर ही पूर्वी शिवणकाम करणारी मुलगी, पहिल्या रांगेत पदर तोंडाशी धरून बसली होती. ढिगातून हा तारा तिचा तिलाच सापडला होता आणि शंभर फेऱ्या तिने डोळ्यांत तेल घालून पुऱ्या केल्या होत्या. सुनीतीला तिची कीव आली. तिने न बघताच सत्त्याहत्तर नंबरचं पान काढलं आणि "खोटा" म्हणायला तोंड उघडलं.

सत्त्याहत्तरसमोर लिहिलं होतं : तारा एकोणीस अडतीस. वर्ष एकवीस तास चौदा मिनिटं.

तिने पुन्हा वाचलं. अक्षर तिचंच होतं. मग तिने पहिल्या नंबरापासून बोट ठेवून सगळी यादी खाली आणली. पुन्हा वर नेली. चव्वेचाळीस एकाहत्तर त्यात कुठेच नव्हता. तिचा सत्त्याहत्तर दुसऱ्याच ताऱ्यात पडून होता आणि तो कुणालाच सापडला नव्हता.

तेव्हा तिला कळलं. आठ-नऊ वर्षांपूर्वी एवढा घाम गाळून तिने तो ग्रह हुबेहूब केला होता. अतितप्त ग्रह निसर्गात जसे असतील, तसाच. मग निसर्गातला एखादा त्याच्यासारखा निघाला तर त्यात नवल काय होतं? खऱ्यासारखा खोटा करायचा तिचा धंदा, आणि खरा समोर आला तेव्हा तो तिला आपलाच वाटला. वारे खरेच बदलत होते. तो ठिपका खराच सरकत होता.

"सुनीती?" मॅडम म्हणाल्या. "खोटा आहे का?"

"खरा," सुनीती म्हणाली.

हॉल दणाणला. लोक उभे राहिले, कुणीतरी नीलोफरला उचललंच. ती रडत होती आणि रडता रडता म्हणत होती, "सुनीतीताई, आज मगदूम सर हवे होते हो. रेषा बघायला त्यांनीच शिकवलं मला."

गप्प बसली असती तर कुणाला काही कळणार नव्हतं. नोकरी राहिली असती, नाव राहिलं असतं. सुनीतीने यादी टेबलावर ठेवली आणि हात वर केला. तिच्या चेहऱ्याकडे बघून टाळ्या हळूहळू थांबल्या.

"हा ग्रह आधी माझ्या वडिलांना सापडला होता," ती म्हणाली. "भूपाल मगदूमांना. तीन दिवस त्यांनी शंका काढल्या, एक टिकली नाही. डोळे गेले म्हणून त्यांनी काम सोडलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं की हा मी घातलाय, खोटा आहे. ते शस्त्रक्रियेला जात नव्हते म्हणून सांगितलं. मी शपथ मोडली. ते मोडलेलं तुमच्या मोजणीला लागू नये म्हणून ते निघून गेले. नीलोफरचा यात काही दोष नाही, तिने तिच्या डोळ्यांनी शोधलाय. पण पहिलं नाव त्यांचं आहे. माझ्यावर काय ती कारवाई करा, पण ते लिहा."

नीलोफरने पुढे होऊन तिचा दंड धरला. टिपणीस मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांना राग आला होता आणि रडूही येत होतं.

"लिहू," त्या शेवटी म्हणाल्या. "पण सुनीती, मला एक समजत नाही. तो माणूस माझ्या सहीखालच्या तारखेवरसुद्धा शंका काढायचा. तीन दिवस त्यांनी या ग्रहावर शंका काढली आणि एकही टिकली नाही. आणि तू नुसतं खोटा आहे म्हणालीस आणि ते उठून गेले? यादी दाखव म्हणाले नाहीत?"

"नाही."

"पुरावा मागितला नाही?"

"नाही मागितला."

"पण का?"

सुनीतीला उत्तर ठाऊक होतं.

"मी सांगितलं होतं ना, मॅडम," ती म्हणाली. "मी."